सुरुवातीआधी दोन ठोके

कुमसान, ६ एप्रिल २०२३

प्रिय आत्या,

आधी माझी एक चूक दुरुस्त करते. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की साफ केलेल्या गाण्यांचे वीस पेनड्राइव्ह महामार्गावरच्या थांब्यावर ठेवले, वीसही विकले गेले आणि एकही परत आला नाही. विकले गेले हे खरं. परत मात्र तेरा आले. थांब्यावरच्या दुकानातल्या राबाईंनी ते मोज्यांच्या खोक्याखाली लपवून ठेवले होते. काल बाबांसाठी मोजे घ्यायला वाकले तेव्हा सापडले.

मी म्हटलं, "अहो राबाई, मला सांगायचं तरी!"

"सांगून काय करू? तुझं तोंड आधीच वाळलेल्या मुळ्यासारखं झालंय. तेरा म्हटल्यावर तू दुकानातच बसली असतीस. मग माझी गिऱ्हाइकं कुठून आत येणार?"

तुम्हाला मी चुकीची बातमी कळवली आणि तुम्ही त्यावर "शाबास" लिहून पाठवलंत. ती शाबासकी कृपया परत घ्यावी.

गाणी का परत आली तेही राबाईंनी सांगितलं. सेऊलच्या कंपनीचे ऊ साहेब म्हणाले होते की मधली ओरड काढून टाका, नाहीतर आजच्या लोकांना ते चालणार नाही. म्हणून मी तीन आठवडे बसून सलग चाळीस गाण्यांमधून आपल्या प्योकाकांचं "होऽय!", "जरा दमानं!", "वा गं वा!" सगळं पुसलं. बाबांचा की-बोर्ड आणि तुमचा आवाज तेवढा ठेवला. एक ट्रकवाला पेनड्राइव्ह राबाईंच्या पुढ्यात टाकून म्हणाला, "गाणं तेच, बाई तीच, पण माझी शेजारची सीट रिकामी झाली. पुसानपर्यंत मी एकट्यानं जायचं होय?"

आता मुख्य गोष्ट. ऊ साहेबांचं म्हणणं असं की कॅसेटी, सीड्या, पेनड्राइव्ह विकायचे दिवस संपले. लोक फोनवर ऐकतात. तेव्हा तुमच्या नारू रेकॉर्ड कंपनीचे तीन भाग करा. बाबांनी रचलेल्या चाली एका कंपनीत, रेकॉर्ड केलेला आवाज दुसऱ्या कंपनीत, आणि जत्रांतले, बाजारातले कार्यक्रम तिसरीत. त्यातली आवाजाची कंपनी ते विकत घेणार. त्यासाठी त्या रेकॉर्डिंगमध्ये कोण कोण होतं याची यादी ३१ मेपर्यंत द्यायची आहे. ज्याचं नाव यादीत नाही, तो त्या आवाजात नव्हता असंच कायमचं धरलं जाईल.

आपल्या पगारपत्रकात प्योकाका "ड्रायव्हर" आहेत. गाणी हवेतून जाणार म्हटल्यावर ड्रायव्हर लागत नाही. म्हणजे नव्या रचनेत त्यांना तीनपैकी एकाही कंपनीत जागा नाही. ३१ मेला ते घरी बसतील आणि त्यांचा आवाजही यादीबाहेर राहील.

बाबांना प्योकाकांच्या नावाबद्दल विचारलं. ते म्हणाले, "चिल-बोक? तो घरचाच आहे की! घरच्या माणसाचं नाव कशाला लिहायचं?"

"मग माझं का लिहिलंय?"

"तू मुलगी आहेस."

"आणि ते?"

"घरचा आहे म्हटलं ना! एकदा सांगितलेलं कळत नाही का?"

आत्या, पहिल्या दिवसापासून रेकॉर्डिंगच्या खोलीत तुम्ही तिघंच होता. प्योकाका नेमकं काय करायचे? त्यांना ओरडायला कोणी सांगितलं? कंपनीत तिसरा हिस्सा तुमचा आहे, तेव्हा तुमच्या सहीशिवाय मी काही करणार नाही. फोन करणार होते, पण फोनवर तुम्ही "हं, हं" म्हणता आणि मग भलत्याच गोष्टीचं उत्तर देता. म्हणून पत्र.

तुमची,
सो-दाम

*

नाम्हे, १२ एप्रिल

सो-दाम पोरी,

शाबासकी परत घेत नाही. एकदा दिली ती दिली. टपालखर्च पडलाय त्याला.

सोबत लसणाचे कोवळे दांडे पाठवलेत. सोयाच्या पाण्यात घालून दहा दिवस विसरून जा. तुला विसरता येत नाही हे मला माहीत आहे. रोज झाकण उघडून बघू नकोस.

तू तीन वर्षांची होतीस तेव्हा कॅसेटी दहा-दहाच्या गठ्ठ्यात लावायला मीच तुला शिकवलं. शाळेत जायच्या आधी तुला मोजणी आली ती त्या गठ्ठ्यांवर, आणि अक्षरं आली ती कॅसेटींच्या कागदांवर गाण्यांची नावं लिहून. अकरावी कॅसेट उरली की तू रडायचीस. "हिचे घरचे कुठे गेले?" असं विचारायचीस. मी म्हणायचे, अकरावी बाजूला ठेव आणि पुढचा गठ्ठा घे.

तेच आता सांगते. चिल-बोकला बाजूला ठेव आणि पुढे जा. तो ओरडायचा, कारण त्याला ओरडायला आवडायचं. ड्रायव्हर म्हणून लिहा असं त्यानंच सांगितलं होतं. त्याला काही भेटवस्तू द्यायची तर दे, चांगला कोट घेऊन दे. पण त्या खोलीतलं जास्त उकरू नकोस. लहानशी खोली होती, उन्हाळ्यात घामानं चिकचिक व्हायची, एवढंच.

ऊ साहेबांचं ऐक. तुझ्या बापाचे गुडघे गेलेत आणि माझा गळा गेलाय. आवाज विकला जात असेल तर विकून मोकळी हो.

तुझी आत्या,
माल-सुन

*

कुमसान, १९ एप्रिल

प्रिय आत्या,

लसणाचे दांडे मिळाले. झाकण फक्त दोनदा उघडलं.

तुमचं न ऐकल्याबद्दल माफ करा. मी उकरलं. पुसलेली ओरड परत जागच्या जागी बसवायची होती, तेव्हा प्रत्येक ओरड कुठे येते ते वहीत लिहीत गेले. चाळीस गाण्यांत एकशेबारा वेळा प्योकाका ओरडतात. त्यातल्या एकशेनऊ वेळा ते तुमची ओळ सुरू होण्याच्या बरोबर दोन ठोके आधी ओरडतात. दोन म्हणजे दोनच, पावणेदोन नाही. "होऽय!" आलं की तुम्ही आत येता. "जरा दमानं!" आलं की तुमची लय किंचित उतरते. मी तीनदा तपासलं. ज्याला नुसतं ओरडायला आवडतं तो माणूस इतकं मोजून ओरडत नाही.

मग काल माल पोचवायला त्यांच्याबरोबर ट्रकमध्ये गेले आणि सरळच विचारलं.

"काका, रेकॉर्डिंगच्या खोलीत तुमचं काम काय होतं?"

"माझं? मी तुझ्या आत्याला गाडीतून आणायचो."

"आणि ओरडायचात."

"गाडी चालवणारे ओरडतातच. बघ, हा पुढचा कसा वळतोय! ए बाबा, इंडिकेटर कशाला दिलाय तुला, शोभेला?"

"काका, आत्या गायला लागायच्या बरोबर दोन ठोके आधी?"

यावर त्यांचे कान लाल झाले, आणि त्यांनी पिशवीतला अक्रोडाचा गोड गोळा तोंडात टाकला. तो संपल्यावर दुसरा टाकला. तुमचं नाव निघालं की ते तोंडात काहीतरी घालतात हे माझ्या पूर्वीच लक्षात यायला हवं होतं.

आत्या, आता जे विचारते ते विचारायचा मला अधिकार नाही. तीन दिवस मी हे लिहू की नको करत होते. तुमचं लग्न झालं नाही. प्योकाकांची बायको जाऊन तीस वर्षं झाली. पंचवीस वर्षं त्यांनी तुम्हाला घरून आणलं आणि घरी पोचवलं. तुम्ही दोघंही त्या खोलीबद्दल बोलत नाही. तुमच्या दोघांमध्ये काही असेल, तर मी ते यादीत लिहिणार नाही, बाबांना सांगणार नाही, आणि हे पत्र तुम्ही वाचून फाडलंत तरी मला वाईट वाटणार नाही. मला फक्त एवढंच कळायला हवं, की त्यांचं नाव लिहिल्यानं तुमचं मन दुखावेल का.

तुमची,
सो-दाम

*

नाम्हे, २ मे

अगं वेडे,

तुझं पत्र मी शेतात वाचलं आणि इतकी हसले की शेजारची म्हातारी खुरपं टाकून धावत आली. तिला वाटलं मला झटका आला.

चिल-बोक आणि मी? त्याच्या मोज्यांचा वास तुला ठाऊक नाही. राबाईंचे मोजे सगळ्यात जास्त कोण घेतं, विचार तिला. तो एका बैठकीत पाच वाट्या भात खातो आणि मग गाडीत झोप येते म्हणून खिडकी उघडून देशभक्तीची गाणी म्हणतो, तीही बेसूर. मी त्याच्याशी लग्न केलं असतं तर आज मी नाम्हेला नसते, तुरुंगात असते.

पण पोरी, हसून झाल्यावर मी बांधावर बसून राहिले. इतके दिवस उत्तर लिहिलं नाही ते म्हणूनच. तू एकशेनऊ मोजलेस. पंचवीस वर्षांत तुझ्या बापानं एकही मोजला नाही, आणि की-बोर्ड तोच वाजवत होता.

तर ऐक. मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. सहा वर्षांची असताना ताप आला होता, तेव्हापासून. आईला माहीत होतं. ती म्हणाली, कोणाला सांगू नकोस, लग्न होणार नाही. लग्न तसंही झालं नाही, पण सवय लागून गेली. पुढे गायला लागले. एका कानानं एकटीनं गाता येतं. वाद्याबरोबर गाताना कठीण. तुझा बाप डावीकडे बसायचा. तू विचारशील, उजवीकडे का नाही बसवलं? उजवीकडे लगेच भिंत आणि दार, तिथे की-बोर्ड मावला नसता. आणि "दादा, जागा बदल" म्हटलं असतं तर त्यानं "का?" विचारलं असतं.

पहिल्या रेकॉर्डिंगला मी चार वेळा चुकीच्या जागी आत आले. तुझा बाप की-बोर्डवर हात आपटून म्हणाला, "माल-सुन, तू काय झोपेत आहेस का?" चिल-बोक तेव्हा खोकी उचलायला आला होता, दारात उभा होता. त्यानं मला आदल्या वर्षभर बाजारात गाताना पाहिलं होतं. मी नेहमी डोकं एकाच बाजूला का वळवते, ते त्या माणसाच्या लक्षात आलं होतं. सख्ख्या भावाच्या आलं नव्हतं. पाचव्या वेळी गाणं सुरू झालं आणि मी आत यायच्या दोन ठोके आधी तो माझ्या उजव्या बाजूनं ओरडला, "होऽय!" मी आत आले. बरोबर आले. तुझा बाप म्हणाला, "हे झकास वाटतंय! ओरड, आणखी ओरड!"

झालं. लोकांना वाटलं ती आमची खास पद्धत. दुसऱ्या कंपन्यांनीही ओरडणारी माणसं ठेवली.

नाव लिहू नका असं तोच म्हणाला. "नाव लिहिलं की लोक विचारतील, हा काय करतो?" मी त्याला हो म्हटलं. मला ते सोयीचं होतं. तो पंचवीस वर्षं ड्रायव्हर राहिला म्हणून मी पंचवीस वर्षं अख्खी गायिका राहिले. हे मी आजवर लिहिलं नव्हतं, बोललेही नव्हते.

आता तुला कळलं. पण यादीत हे लिहू नकोस. ऊ साहेबांच्या कचेरीतल्या कोवळ्या पोरांनी "ती बहिरी बाई" म्हणावं हे मला नको आहे. काहीतरी दुसरं शोध. तू हुशार आहेस.

आत्या

*

कुमसान, ९ मे

प्रिय आत्या,

दुसरं काही सापडलं नाही. खूप शोधलं.

ऊ साहेबांना फोन केला. माणूस वाईट नाही, घाईत असतो. म्हणाले, "प्यो चिल-बोक यांना कलाकार म्हणून घालायचं असेल तर घाला. पण त्यांनी काय केलं ते एका ओळीत लिहून द्या. नुसती ओरड आम्ही गोंगाटात धरतो. शिवाय ती आम्ही काढणारच आहोत."

मी ती ओळ अकरा प्रकारे लिहून पाहिली. "लय सांभाळणे." ते तर बाबा करतात. "उत्साह वाढवणे." हे खोटं आहे. "पार्श्वआवाज." हे अर्धं खोटं आहे, आणि अर्ध्या खोट्यावर मला शिक्का मारता येत नाही. तुम्ही आणि बाबांनीच मला असं वाढवलंत, आता तुम्हीच भोगा.

काल पालकदिन होता. बाबांच्या कोटाला लाल फूल लावलं. प्योकाकांसाठीही एक नेलं होतं. त्यांची मुलगी उल्सानला असते, तिला यायला जमलं नाही. ते फूल लावून दिवसभर ट्रकजवळ उभे होते. राबाई म्हणाल्या, "काय हो, आज फूल लावून कोणाला ओरडणार?" ते म्हणाले, "आता कोणाला ओरडू? या महिन्याअखेर गाडी उभी राहणार." हसत म्हणाले. पण ३१ तारखेनंतर आपण कोण, हे त्यांनी विचारलंच नाही.

तेव्हा मी ठरवलं ते असं. तुमचं गुपित मी कोणालाही लिहिणार नाही. आणि प्योकाकांच्या नावाशिवायची यादीही पाठवणार नाही. दोन्ही गोष्टी पाळायच्या तर ३१ मे तशीच जाऊ द्यायची. ऊ साहेबांचा सौदा जाईल. बाबांना मी सांगेन की चूक माझी, कागद वेळेत झाले नाहीत. तेही खोटंच आहे, हे लिहितानाच कळतंय. एवढ्या एका खोट्याची तयारी मी करते आहे.

तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. लसणाचे दांडे फार छान झालेत.

सो-दाम

*

नाम्हे, १३ मे

सो-दाम,

तू खोटं बोलणार? तुझ्या बापाशी? तू पहिल्याच वाक्यात रडशील आणि तो घाबरून डॉक्टरला बोलावेल. ते काम तुझ्यानं व्हायचं नाही.

परवा आम्ही लसूण काढत होतो. मी एकदम उभी राहिले आणि सगळ्या बायकांना मोठ्यानं सांगितलं, "मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. पासष्ट वर्षं झाली."

कोणी मानसुद्धा वर केली नाही. एक म्हणाली, "म्हणून टीव्ही इतक्या मोठ्यानं लावतेस होय? मला वाटलं मुद्दाम." दुसरी म्हणाली, "मला दोन्ही कानांनी येत नाही, मी काय म्हणते का काही?" आणि तिसरीनं विचारलं ओळ पुढे सरकवायची का. पासष्ट वर्षं जपलेली गोष्ट, आणि त्यांना लसणाची पडलेली!

तेव्हा लिही. माझ्या शब्दांत लिही, बदलू नकोस:

"युन माल-सुन यांना डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. प्रत्येक गाण्यात कधी सुरू करायचं याची खूण प्यो चिल-बोक यांनी आवाजानं दिली. त्या खुणेशिवाय हे गाणं झालं नसतं."

तुझ्या बापाला मात्र मीच सांगणार, समोर बसून. त्यानं "झोपेत आहेस का" म्हटलं होतं, ते आता त्याला चांगलं वर्षभर ऐकवणार आहे. रविवारी, २१ला, चिंजूला बस बदलून येते. माझा सहीचा शिक्का घेऊन येते.

आणि हो, तुझ्या हिशेबात एकशेबारातले एकशेनऊ होते. उरलेले तीन कसले ते मलाही माहीत नाही. चिल-बोकलाच विचार. तोंडात काही घालायच्या आत विचार.

आत्या

*

कुमसान, १७ मे

प्रिय आत्या,

विचारलं. दोन्ही हातांत माल होता तेव्हा विचारलं, म्हणजे खाता येऊ नये. आधी तुमची ती ओळ त्यांना वाचून दाखवली. ते खोकं घेऊन माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "तिनं स्वतः लिहिलं?" मी हो म्हटलं. "स्वतःच्या हातानं? तारीख घालून?" मी पत्र दाखवलं. त्यांनी खोकं खाली ठेवलं, हात कोटाला पुसले आणि पत्र बराच वेळ पाहिलं.

"आणि ते तीन, काका?"

"ते होय? तेव्हा तुझी आत्या इतकं सुंदर गात होती की मी खूण द्यायचंच विसरलो. भानावर येऊन ओरडलो तेव्हा उशीर झाला होता."

"मग आत्या चुकल्या नाहीत?"

"चुकली की! तिन्ही वेळा उशिरा आली. ट्रकवाल्यांना तीच तीन ठिकाणं सगळ्यात आवडतात. म्हणतात, बाईनं काय थांबवलंय बघ!"

आता कंपनीचं. मी ऊ साहेबांचा तीन कंपन्यांचा आराखडा पुन्हा नीट वाचला. जिथे गाणारा एका दिवशी येतो, वाजवणारा दुसऱ्या दिवशी आणि दोघांची भेटही होत नाही, तिथे तो चांगला आहे. आपल्याकडे तिघं एका खोलीत, एका दमात चाळीस गाणी करायची. त्यातलं एक काढून विकलं तर उरलेल्या दोघांचं काय होतं ते त्या तेरा पेनड्राइव्हनी दाखवलंय. म्हणून नारू रेकॉर्ड एकच राहील. आत चाली, आवाज आणि कार्यक्रम यांचे हिशेब वेगळे ठेवू. आवाज विकायचा नाही, पाच वर्षांच्या भाड्यानं द्यायचा, आणि ओरडीसकटच द्यायचा. कलाकार तुम्ही तिघं: युन माल-सुन, युन ग्वांग-शिक, प्यो चिल-बोक. तिघांचा वाटा सारखा. ड्रायव्हर हा शब्द पगारपत्रकातून गेला.

ऊ साहेबांना हे सगळं पाठवलं, तुमच्या ओळीसकट. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "असं कलम आमच्या नमुन्यात नाही," म्हणाले. मग म्हणाले, "ती ओरड न काढलेली प्रत पाठवा. माझ्या वडिलांकडे होती ती." काय होईल ते मला माहीत नाही. दोन रात्री नीट झोप नाही. ते नको म्हणाले तर बाबांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन लांबेल आणि त्याचं उत्तर मला द्यावं लागेल. बाबांना हे सांगितलं, तुमचं सोडून सगळं. ते म्हणाले, "गुडघे माझे आहेत, थांबतील. नोंदणीच्या कागदात कंपनीप्रमुखाच्या रकान्यात कोणाचं नाव घालणार आहेस?"

तो रकाना मी दोन महिने कोरा ठेवला होता. तुमचं घालावं की बाबांचं, असा विचार करत होते. काल त्यात माझं नाव लिहिलं. "दाम"मधलं एक अक्षर वाकडं आलंय. नवा कागद घेतलेला नाही.

रविवारी बसस्टँडवर प्योकाका गाडी घेऊन येतील. तुम्ही बाबांशी बोलून घ्या, मी तेवढा वेळ राबाईंकडे जाऊन बसते. दुसऱ्या दिवशी तिघांचे शिक्के आणि माझा शिक्का घेऊन मी नोंदणी कार्यालयात जाणार आहे. दहा वाजता खिडकी उघडते. ऊ साहेबांचं उत्तर तोवर आलं तरी आणि नाही आलं तरी, सोमवार, २२ मे.

तुमची,
सो-दाम